वगळलेल्या ओळी

संख्याशास्त्र शिकवते असं सांगितलं की अंबाजोगाईत समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारायचा. एक तर, म्हणजे जनगणनेचं काम का? नाहीतर, मग आमच्या पोराचा मेडिकलला नंबर लागेल का ते सांगा. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा देत असे, दुसऱ्याला तोही नाही. नोकरीची सगळी वर्षं ज्या विषयात घातली त्याबद्दल गावाचं ज्ञान एवढंच होतं, आणि मी निवृत्त झाले त्या दिवशीही ते तेवढंच होतं. निरोप समारंभात अध्यक्षांनी माझा उल्लेख ‘गणिताच्या मॅडम’ असा केला. गळ्यातला हार सावरण्यात माझे दोन्ही हात गुंतले होते, नाहीतर माईक घेऊन तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती.

बाहेरच्यांसाठी सांगते. संख्याशास्त्र म्हणजे आकडे मोजणं नव्हे. मोजायला कारकून पुरतो. मोजलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे ठरवायचं आमचं काम. यातला दुसरा भाग मोठा आहे आणि तो कुणालाच नको असतो. मला मात्र तोच आवडायचा. अभ्यासक्रमात त्याला जेमतेम दोन पानं होती, म्हणून मी शनिवारचा शेवटचा तास त्याला राखून ठेवला होता. शहाणीसुरती माणसं आकडे बघून कशी फसतात, हा विषय. प्राचार्यांना तो तास म्हणजे वेळेचा अपव्यय वाटायचा.

आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एका खासगी क्लासचा भलामोठा फलक होता. त्यावर गुणवंतांचे फोटो, खाली टक्के, वर क्लासच्या मालकांचा गॉगल लावलेला फोटो. मी दर वर्षी द्वितीय वर्षाचा वर्ग त्या फलकाखाली नेऊन उभा करायची आणि विचारायची, यावर काय नाही? एक मुलगी म्हणाली, फोन नंबर न्हाई. एक जण म्हणाला, सरांचे डोळे न्हाईत. पाचदहा मिनिटांनी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायचा की क्लासला गेलेले आणि फोटोत न आलेले यावर नाहीत. ते किती, हे कळल्याशिवाय हा फलक काहीच सांगत नाही. एके वर्षी मालक रागावून कॉलेजात आले आणि मी त्यांच्या पोटावर का उठलेय असं विचारू लागले. मी म्हटलं, तुमचं प्रवेशाचं रजिस्टर आणा, मी फलकाखाली उभं राहून तुमचं कौतुक करते. ते पुन्हा आले नाहीत.

तसेच नेकनूरकडचे एक पुढारी. स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. आपण सरपंच झाल्यापासून गावच्या विहिरी कशा तुडुंब भरल्या हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. मी पहिल्या रांगेतून विचारलं की शेजारच्या गावात विरोधी गटाचा सरपंच आहे, तिथल्या विहिरी कोरड्या आहेत का? हॉलमध्ये हशा पिकला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून समज दिली, आणि पुढच्या वर्षीपासून पाहुण्यांच्या कार्यक्रमात माझी खुर्ची शेवटच्या रांगेत लागू लागली. तिथून झोप चांगली लागते.

हे सगळं सांगतेय ते माझ्या अंगात किती मस्ती होती हे कळावं म्हणून. जग मूर्ख आहे आणि माझ्या शनिवारच्या तासातून बाहेर पडणारी पोरं तेवढी शहाणी, अशी माझी पक्की समजूत होती. त्याला पुरावाही होता. दर दिवाळीला जुने विद्यार्थी पेढे घेऊन घरी यायचे. कुणी बँकेत, कुणी विमा कंपनीत, कुणी परदेशात. मॅडम, तुमच्यामुळे, असं प्रत्येक जण म्हणायचा. मी पेढे खायची आणि ते खरं मानायची.

त्यातला सगळ्यात लाडका विष्णू. सिरसाळ्याकडच्या एका खेड्यातला, ऊसतोड कामगाराचा मुलगा. लहानपणी आईबापांबरोबर दोन हंगाम तो उसाच्या फडात होता. मग मावशीने ठेवून घेतलं म्हणून शाळा टिकली. शनिवारच्या तासाला पुढच्या बाकावर बसून तो माझ्याशी हुज्जत घालायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. पुढे तो पुण्याहून चालणाऱ्या एका ट्रस्टमध्ये लागला. ट्रस्टचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आपल्या भागातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हा ट्रस्ट काही गावांत हंगामी वसतिगृहं चालवायचा. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. मुलांनी मागे शाळेतच राहावं, दोन वेळ जेवावं आणि पाडव्याच्या आगेमागे आईबाप परत आले की घरी जावं, अशी सोय. विष्णू त्या ट्रस्टचा आकडेवाला. त्याचं टेबल, त्याचा संगणक, आणि पाटीवर ‘मूल्यमापन अधिकारी’. पाटीचा फोटो त्याने मला पाठवला होता.

मी निवृत्त झाल्यावर त्यानेच मला ट्रस्टच्या सल्लागार समितीवर घ्यायला लावलं. तज्ज्ञ म्हणून. वर्षाकाठी एक शाल, एक नारळ आणि एका अहवालावर सही, एवढंच काम. पहिला अहवाल आला तो उन्हाळ्यात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी मुलं, आणि मधल्या पानावर दोन उभे खांब. ट्रस्टने फेब्रुवारीत सगळ्या शाळांत गणित आणि मराठीची एक चाचणी घेतली होती. हिरवा खांब वसतिगृह नसलेल्या गावांतल्या मुलांच्या सरासरी गुणांचा, लाल खांब वसतिगृह असलेल्या गावांचा. हिरवा उंच, लाल बुटका. खाली निष्कर्ष छापला होता की वसतिगृहांमुळे शाळांची गुणवत्ता घसरते, सबब ती टप्प्याटप्प्याने बंद करून तो निधी शाळांना टॅब पुरवण्याकडे वळवावा. पहिल्या टप्प्यात विष्णूच्या गावाला लागून असलेल्या गावाचं नाव होतं.

मी ते पान वाचलं आणि मला हसू आलं. असलं गणित एखाद्या पुढाऱ्याने मांडलं असतं तर मी शनिवारच्या तासाला वर्षभर वापरलं असतं. मग शेवटच्या पानावर ‘विश्लेषण’ या शब्दापुढे विष्णूचं नाव दिसलं. मी त्याला फोन करून उद्याच्या उद्या त्या गावी यायला सांगितलं आणि सकाळची एसटी धरली.

जूनचा पहिला आठवडा होता, शाळा अजून भरायची होती आणि आईबाप फडावरून परतलेले होते. शाळेचे मुख्याध्यापक साधे आणि टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी न मागता हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. वसतिगृह सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांची पानं उलटताना मला दिवाळीनंतरच्या महिन्यांत काही नावांपुढे पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द दिसला. ऊस. नाव कापलेलं नाही, गैरहजेरीची फुली नाही, नुसतं ऊस. मी विचारलं तर म्हणाले, मूल परत येतं, मग पटावरून कसं काढायचं? आणि पेन्सिलीने यासाठी की ते आलं की खोडता येतं. इकडच्या बऱ्याच शाळांत अशीच रीत असल्याचं त्यांनी सांगितलं. वसतिगृह सुरू झाल्यापासूनच्या दोन वर्षांत या शाळेच्या रजिस्टरात तो शब्द जवळपास दिसत नव्हता.

मग मी विष्णूला त्याचा लॅपटॉप उघडायला लावला. वसतिगृह नसलेल्या गावांची मूळ यादी पाहिली. पटावरची सगळी मुलं तीत असायला हवी होती, पण ओळी कमी होत्या. मी विचारलं, फेब्रुवारीत जी मुलं उसात होती त्यांच्या ओळी कुठे आहेत?

तो म्हणाला, त्यांनी चाचणीच दिली न्हाई मॅडम, रकाने रिकामे होते. काढून टाकल्या.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं इथंच पेंड खातंय. उसात जाणारी मुलं अभ्यासात मागे असतात, कारण त्यांचं दर वर्षी अर्धं वर्ष फडात जातं. ज्या गावात वसतिगृह नाही तिथली ही मुलं फेब्रुवारीत शाळेतच नव्हती. चाचणीला बसले ते घरी राहिलेले, ज्यांचे आईबाप गावातच होते. त्यांची सरासरी चांगली येणारच. ज्या गावात वसतिगृह आहे तिथे मागे पडलेली मुलंही शाळेत बसली होती. त्यांनी चाचणी दिली, गुण कमी पडले आणि सरासरी खाली आली. वसतिगृहाने मुलं मठ्ठ केली नव्हती, शाळेत आणली होती. मी क्लासच्या फलकाखाली उभं राहून वर्षानुवर्षं जे शिकवलं ते हेच. जे दिसत नाहीत त्यांचं काय?

मी विष्णूला मुख्याध्यापकांच्या देखत नको ते बोलले. तुला माझा शनिवारचा तास आठवत नाही का, तू स्वतः दोन हंगाम पाचटाच्या झोपडीत, कोपीवर काढलेस, तुला तरी कळायला हवं होतं, असं बरंच. मग त्याने पाठीवरच्या बॅगेतून एक जुनी वही काढली. प्रॅक्टिकलचं जर्नल, त्याच्या दुसऱ्या वर्षाचं. मी काय विचारणार याचा त्याला फोनवरच अंदाज आला होता, म्हणून तो ते घरून घेऊन आला होता.

“शनिवारचा तास आठवतो मॅडम,” तो म्हणाला. “पर त्याला मार्क नव्हते. मार्क ह्याला होते.”

त्याने पान उघडलं. पावसाच्या नोंदींचं उदाहरण होतं, दोन जागी आकडा गहाळ. त्याने त्या दोन ओळींवर आडवी रेघ मारून बाकीच्यांची सरासरी काढली होती. बाजूला लाल शाईत माझं अक्षर. ‘अपूर्ण ओळी वगळल्या. योग्य. दहापैकी दहा.’

“तुमीच शिकवलंत,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

मी शिकवलं होतं हे खरं. साठसत्तर जर्नलं तपासायची असायची. गहाळ आकड्याचं काय करायचं हा प्रश्न नीट शिकवायला एक सत्र पुरत नाही. ओळ वगळा म्हटलं की सगळ्यांचं उत्तर एकच येतं आणि तपासणं सोपं जातं. आकडा का गहाळ आहे ते आधी विचारा, हे एक वाक्य मी एकाही जर्नलमध्ये लिहिलं नाही. शनिवारी मी मोठी हुशार असायची, आणि सोमवारी प्रॅक्टिकलला त्याच पोरांना नेमकं उलटं शिकवायची. वर्षानुवर्षं. मला त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून स्वतःची शरम वाटली. ती अजून गेलेली नाही.

त्या दुपारी मुख्याध्यापकांनी आम्हाला अश्विनीच्या घरी नेलं. ही वसतिगृहातली सहावीची मुलगी. त्याआधीचे दोन हंगाम ती आईबापांबरोबर होती, कोपीवर राहून धाकट्या भावाला सांभाळायला. चाचणीत तिला बेताचेच गुण होते, पण आदल्या वर्षी तिला भागाकार येत नव्हता आणि आता येत होता. अहवालातल्या लाल खांबाला खाली ओढणाऱ्यांत तिची ओळ होती. तिच्या आईला मी साध्यासोप्या भाषेत समजावलं की वसतिगृह बंद करायचं घाटतंय, कारण जिथे ते नाही तिथली मुलं जास्त गुण मिळवतात असं पुण्याला वाटतंय.

तिची आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “अवो बाई, जी पोरं गावातच न्हाईत ती नापास कशी व्हतील?”

मी विष्णूकडे बघितलं. एम. एस्सी. झालेल्या माणसाने संगणकावर जे घालवलं होतं ते या बाईने पिठाने भरलेल्या हाताने शोधून काढलं होतं. मग तिने विचारलं, कावून बंद करतेत वसतिगृह? पोरगी आता कुठं शिकाया लागलीय. तिला ठेवून घ्यायला मागे घरात कुणी नव्हतं. वसतिगृह नसेल तर ती ऊसतोडीला निघणाऱ्या गाडीत बसणार, हे तिने काही वेगळं नसल्यासारखं सांगितलं.

जुलैत पुण्याला बैठक झाली. विष्णूने नवे खांब करून नेले होते. यात वसतिगृहातल्या मुलांची तुलना त्यांच्याच आदल्या वर्षाच्या गुणांशी केली होती आणि उसात गेलेल्यांच्या ओळी रिकाम्या का होईना, ठेवल्या होत्या. मी पाऊण तास बोलले. अश्विनीचं नाव घेतलं. संचालक फार सभ्य होते. त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.

मी म्हटलं, मी भावनांबद्दल एक शब्द बोललेले नाही, मी सरासरीबद्दल बोलतेय. त्यांनी पुन्हा सभ्यपणे मान हलवली. नंतर कळलं की टॅब पुरवणाऱ्यांशी बोलणं आधीच पक्कं झालं होतं आणि अहवाल मागाहून मागवला होता. असे निष्कर्ष आधी आणि आकडे नंतर मागवणारे लोक मी आयुष्यभर पाहिले. त्यांच्या बोलण्यात आत्मविश्वास फार असतो, आणि विष्णूसारखे पगारी लोक त्यांना खांब रंगवून देतात. मी सही केली नाही. त्यांना दुसरे तज्ज्ञ मिळाले. तज्ज्ञ मिळायला वेळ लागत नाही.

दिवाळीनंतर वसतिगृह उघडलं नाही आणि अश्विनी गाडीत बसून गेली. मला मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांनी एवढंच सांगितलं की पेन्सिल पुन्हा काढावी लागली.

आता खरी गंमत ऐका. फेब्रुवारीत पुन्हा चाचणी झाली. त्या गावची मागे पडलेली अकरा मुलं फडात होती, त्यामुळे शाळेची सरासरी झकास वर गेली. जाणारच होती, मी बैठकीत हेच सांगितलं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात ट्रस्टचं नवं पत्रक आलं. ‘टॅबमुळे गुणवत्तेत भरीव वाढ.’ सोबत एका मुलाचा टॅब हातात घेतलेला फोटो. फोटोतला मुलगा गावच्या किराणा दुकानदाराचा, त्याचे आईबाप कधी उसाला गेलेले नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, टॅब चार्ज करायची सोय नसल्यामुळे ते कपाटात आहेत. अकरा मुलांना घालवून शाळा सुधारल्याचा सत्कार होणार होता, त्याचं निमंत्रण मला आलं. शाल पाठवली होती. मी ती परत पाठवली.

गेल्या महिन्यात विष्णू घरी आला. पेढे नव्हते. लॅपटॉप होता आणि ते जुनं जर्नल होतं. मी जर्नल हातात घेतलं आणि लाल पेन काढला. दहापैकी दहा खोडायचं माझ्या मनात होतं. त्याने ते माझ्या हातून अलगद काढून घेतलं आणि म्हणाला, ऱ्हाऊ द्या मॅडम, ते मला लागंल. नव्या भरती झालेल्या पोरांना तो ते पान दाखवतो म्हणे. माझ्या अक्षरातली चूक मी निवृत्त झाल्यावर उपयोगी पडतेय, हे सुख मानायचं की काय, मला ठरवता आलं नाही. पेढे घेऊन येणाऱ्यांवरून स्वतःचं शिकवणं जोखणारी मी, त्या क्लासवाल्यापेक्षा कुठे वेगळी होते? माझ्याकडून चुकीचं शिकून गेलेले कुणी दिवाळीला आलेच नव्हते. एक आला तो जर्नल घेऊन.

विष्णूने यंदाची यादी उघडली. सगळ्या गावांची, पटावरच्या सगळ्या मुलांची. एकही ओळ काढलेली नव्हती. पत्रकाला उत्तर म्हणून ती तो सगळ्या विश्वस्तांना आणि देणगीदारांना एकाच वेळी पाठवणार होता, संचालकांना न विचारता. नोकरी जाईल, मी म्हटलं. तो म्हणाला, जाऊ द्या. मग त्याने खाली सरकत एका ओळीवर बोट ठेवलं. अश्विनीचं नाव, इयत्ता सातवी, आणि गुणांचा रकाना रिकामा.

“इथं काय लिहू मॅडम? शून्य लिहिलं तर ते बी खोटंच हाय.”

मी म्हटलं, मुख्याध्यापक लिहितात ते लिही.

त्याने त्या रकान्यात ऊस असा शब्द टाईप केला. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मी शेजारी बसून प्रत्येक नाव वाचत होते आणि तो लिहीत होता. यादी संपायला संध्याकाळ झाली. त्याच्या सरासरी काढणाऱ्या प्रोग्रामला शब्द चालत नाही, तिथे तो अडकला आणि त्याने आकडा द्यायचं नाकारलं. विष्णूने यादी तशीच पाठवून दिली.

कुणाचंच उत्तर अजून आलेलं नाही. अश्विनी आता आठवीत आहे. परवा तिने मुख्याध्यापकांच्या फोनवरून मला विचारलं की वसतिगृह चालू होणार का, म्हणजे त्याप्रमाणे वह्या घ्यायच्या की नाही ते तिला ठरवता येईल. मी तिला सांगितलं, वह्या घे, माझ्या नावावर घे. खरं म्हणजे मला काहीच माहीत नव्हतं. हे छापलेला अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्याकडच्या गाड्या निघून गेलेल्या असतील.